तासाभराचा उपास

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू चर्चमधला वर्ग का सोडलास?" तुमच्या बाबाने मध्येच उत्तर दिलं, "तिला काढलं," आणि तो हसला. मला हसू आलं नाही. फोनवर सांगून संपणारी गोष्ट नव्हती, म्हणून लिहून पाठवते आहे. मी इंग्रजीत शिकले, नोकरीभर इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते, कारण यात एक बाई आहे आणि तिचं बोलणं इंग्रजीत बसत नाही. बाबा वाचून दाखवेल. त्याने मधली वाक्यं गाळली तर मला कळेल, कारण पुढच्या कॉलवर मी तुम्हाला प्रश्न विचारणार आहे.

चर्चमागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये दर रविवारी, आठच्या मराठी मिस्सेनंतर, म्हणजे वेदीवरच्या उपासनेनंतर, मी धर्मशिक्षणाचा वर्ग घेत असे. आठ-नऊ वर्षांची मुलं. त्यांना पहिल्या कम्युनियनसाठी तयार करायचं. वेदीवरची भाकर, जी मिस्सेत ख्रिस्ताचं शरीर होते, ती पहिल्यांदा जिभेवर घेण्याचा तो दिवस. तुमच्या बाबाचा त्या दिवसाचा फोटो आमच्या कपाटावर आहे, पांढरा शर्ट आणि पुढचे दोन दात गायब. माझी पद्धत सरळ होती. एक पातळ पुस्तक, त्यात प्रश्न आणि उत्तरं. मी प्रश्न विचारायचा, मुलाने उत्तर द्यायचं, बरोबर आलं की माझ्या वहीत खूण. सगळ्या खुणा झाल्याशिवाय कम्युनियन नाही. एका मोठ्या साहेबांच्या मुलालाही मी एक वर्ष मागे ठेवलं होतं. साहेबांनी सहा महिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मागच्या वर्षी जूनमध्ये नवे फादर आले. वय पस्तिशीचं, झग्याखाली पळायचे बूट. पहिल्या महिन्यात गायनाची पुस्तकं कपाटात गेली आणि भिंतीवर शब्द दाखवणारा पांढरा पडदा आला. दुसऱ्या महिन्यात पेटी कोपऱ्यात सरकली आणि गिटार पुढे आली. आधीच्या फादरांची मिस्सा पन्नास मिनिटांत आटपायची. यांची तासावर जाऊ लागली. मी घड्याळाकडे बघत होते. माणूस एवढं सगळं इतक्या भरभर बदलतो, तेव्हा त्याला आणखी काहीतरी बदलायचं असतं आणि ते त्याने अजून सांगितलेलं नसतं, असा माझा अनुभव आहे.

ते ऑगस्टमध्ये कळलं. मिस्सेनंतर फादरांनी मला थांबवून घेतलं.

"टीचर," ते म्हणाले. मला इथे सगळे टीचरच म्हणतात. "रविवारचा वर्ग या वर्षीपासून बंद करू या. मुलांना घरीच शिकवू दे."

"कोणी?"

"घरच्यांनी."

"घरचे कामावर असतात, फादर. इथल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. रविवारी चर्चची निम्मी माणसं मशीनवर उभी असतात."

"तेच म्हणतोय मी. आईबाप रविवारी नसतात, म्हणून पोरांना तुमच्याकडे सोडतात आणि त्यांचं काम संपतं. मुलं वर्गात उत्तर पाठ करतात आणि हॉलच्या दारात विसरतात."

"माझ्या वर्गातली विसरत नाहीत."

"परवा तुमचा एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्यालाच मूल आहे. एक प्रश्न विचारला, उत्तर आठवेना. तुमची पट्टी मात्र आठवत होती, टीचर."

मी पट्टी टेबलावर आपटत असे, मुलांवर नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते हसले, पण वर्ग बंदच झाला.

नवी पद्धत अशी: प्रत्येक मुलाला एक वही. दर आठवड्याला एक पान. फादर येशूच्या आयुष्यातली एक गोष्ट देणार, घरात कोणीतरी मुलाबरोबर बसून ती वाचायची, त्यावर काय बोलणं झालं ते मुलाने लिहायचं आणि शिकवणाऱ्याने खाली सही करायची. पानं रिकामी राहिली तर कम्युनियन पुढच्या वर्षी. आणि त्या दिवशी वेदीपर्यंत मुलाबरोबर शिकवणाऱ्यानेच चालत यायचं. महिन्यातून एकदा वह्या गोळा करून तपासायचं काम मला दिलं. मला गप्प बसवण्यासाठी ते दिलं होतं असं मला तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

मी ते काम नीट केलं. पहिल्याच महिन्यात एका वहीतली चारही पानं एकाच बैठकीत लिहिलेली निघाली. शाई तीच, अक्षराचा कल तोच, आणि चौथ्या पानापर्यंत हात दमलेला. दुसऱ्या एका वहीत आईने आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी 'आत्मपरीक्षण' असा शब्द घातला होता. मी सगळं टिपून फादरांपुढे ठेवत गेले. तिसऱ्या महिन्यात मात्र, आधी दोन्ही वेळा कोरी आलेली एक वही भरून आली आणि मी चष्मा काढून पुसला.

सहीच्या जागी निळा अंगठा होता. एकदा नव्हे, प्रत्येक पानावर.

वही आमच्याच इमारतीतल्या मुलीची होती, माझ्या खाली दोन मजले. तिची आई नगरकडची, आपल्याच धर्माची, बारावी शिकलेली, तळवड्याच्या एका युनिटमध्ये माल तपासते. वडील चाकणच्या पलीकडल्या गावचे, हिंदू, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पाळीवर. लग्न आपल्या चर्चमध्ये झालं, मुलीचा बाप्तिस्मा झाला, सगळं रीतसर. त्या घरात अंगठा उठवणारं माणूस एकच होतं: वडिलांची आई. मुलीला सांभाळायला ती तीन वर्षांपूर्वी गावाहून आली होती. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, लिफ्टमध्ये पाय न टाकणारी. जिन्यात भेटली की आम्ही एकमेकींकडे पाहून मान हलवत असू, तेवढीच ओळख.

मी वही घेऊन थेट फादरांकडे गेले.

"या मुलीला शिकवणारी बाई ख्रिस्ती नाही. तिला वाचताही येत नाही. ही पानं खरी कशी असतील?"

फादरांनी पानं चाळली. "मुलगी काय लिहिते ते वाचलंत?"

"अंगठ्यापुढे गेलेच नाही मी."

"मग आधी ते वाचा. आणि खाली जाऊन ऐका. खोटं असेल तर मला सांगा, मी तिला पुढच्या वर्षी घेतो."

म्हणजे त्या मुलीचं वर्ष माझ्या हातात आलं. खरं सांगते, मला ते बरं वाटलं. नव्या पद्धतीतलं खोटं पुराव्यानिशी दाखवता येणार होतं.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला मी दोन मजले उतरले. दार अर्धं उघडं होतं. मी बेल दाबली नाही. भिंतीला लागून उभी राहिले. असं करू नये, हे मी तुमच्या बाबाला लहानपणी अनेकदा सांगितलेलं आहे.

मुलगी वाचत होती. येशूला पकडून नेलं आणि त्याचे मित्र पळाले, ती गोष्ट.

"थांब," आजी म्हणाली. "समदे पळाले?"

"सगळे."

"बारा जनांतला एक बी न्हाई थांबला? सकाळच्याला तर संगं जेवत व्हते म्हनलीस."

"सकाळी नाही गं, रात्री."

"रात्री जेवले न् रात्रीच पळाले? आमच्या गावात बी असंच हाय. मंग तो म्होरला, लई बोलायचा तो?"

"पेत्र. तो म्हणाला, मी याला ओळखतच नाही."

"किती बार?"

"तीनदा."

"आन् येशूनं त्याला पुन्यांदा जवळ घेतला?"

"हो. पुढं आहे ते."

आजी म्हणाली, "म्या न्हाई घेतला असता. लिव, आज्जीनं न्हाई घेतला असता."

मुलीने लिहिलं. पेन्सिलीचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. मी हाच धडा वर्षानुवर्षं घेतला, पण पेत्राला आपण परत घेतलं असतं का, हे मी एकाही मुलाला विचारलं नव्हतं. पुस्तकात तो प्रश्नच नव्हता.

"बाई," आतून आवाज आला, "दाराशी किती येळ उभ्या राहनार? पाय दुखतील. चोरी धरायची आसंल तर आत येऊन उजेडात धरा."

फरशीवर माझी सावली पडली होती. मी आत गेले. तिने मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसली आणि चहा टाकायला मुलीला आत पाठवलं. मग आवाज खाली आणला.

"आता म्या इच्यारते, तुमी सांगा. ही वही कशाला? रोज काय बोललो, कोन बोललं, समदं लिवून घेता. पोरीला आमच्यापासनं तोडायचं काम तर न्हाई ना ह्ये?"

या वहीवर माझ्याइतकाच संशय घेणारं दुसरं कोणी भेटेल असं मला वाटलं नव्हतं. क्षणभर मला जवळपास मैत्री वाटली.

"मलाही ती वही आवडत नाही," मी म्हणाले. "पण तुम्हाला पसंत नाही, तर शिकवता कशाला?"

"सून पाळीवर, पोरगा पाळीवर. गुरुवारी दोघं घरी आसतात तवा झोपून काढत्यात. पोरगी रडाय लागली, माझी पानं कोरी राह्यली, समद्या मैत्रिनी जानार न् म्या एकलीच मागं. लगीन झालं तवा सुनंला सबूद दिलाय म्या, तुझ्या देवाच्या आड येनार न्हाई. आता माझ्यामुळं आडलं तर त्यो आड येनंच झालं का न्हाई?" तिने पदर सावरला. "मला काय येत न्हाई. ती वाचती, म्या इच्यारती. ती शिकवती, म्या शिकती. अंगठा कुनाचा पायजे व्हता मंग?"

मी चहा प्यायले. फादरांना जाऊन एवढंच सांगितलं की पानं खरी आहेत. ते 'बरं' म्हणाले आणि हसले नाहीत, त्याचाही मला संशय आला. हे त्यांना आधीच ठाऊक होतं की काय?

त्यानंतर अधूनमधून मी खाली जाऊ लागले. तपासायला, असं मी म्हणत असे. आजी मला 'इन्स्पेक्टरबाई' म्हणू लागली. "आल्या बघ इन्स्पेक्टरबाई, हात धू, नीट बस." ईस्टर झाला, कम्युनियनचा रविवार ठरला, तेव्हा शेवटच्या सूचना द्यायचं माझ्याकडे आलं. पांढरा फ्रॉक, डोक्यावर साधी फुलं, नखं कापलेली. आणि उपास.

"उपास?" आजीचे डोळे चमकले. "किती दिसाचा?"

"दिवसाचा नाही. कम्युनियनच्या आधी एक तास."

"एक तास!" ती इतकी हसली की मुलगीही हसायला लागली. "ह्याला उपास म्हंतात व्हय? तासभर तर मानूस जेवान झाल्यावर बी खात न्हाई. म्या सोमवार धरती, एकादस धरती, चतुर्थी धरती. उपासाचं मला नका शिकवू, बाई. पोरीचा उपास माझ्याकडं लागला."

"पाणी चालतं," मी म्हणाले. आणि तिथेच थांबले. घड्याळ लावून चालणारी बाई मी, पण पुढचं वाक्य बोलले नाही. ते सांगावं लागतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी मुलांना साडेसातला हॉलमध्ये बोलावलं होतं. मी सात वाजून वीस मिनिटांनी पोहोचले. चौदा मुलं, हातात मेणबत्त्या, बरोबर घरचे. सात पन्नासला रांग लावताना माझ्याकडे तेराच मोजली गेली. मी हॉलच्या मागच्या बाजूला गेले. पाण्याच्या टाकीजवळच्या पायरीवर आजी बसली होती. समोर ती मुलगी, पांढरा फ्रॉक डागू नये म्हणून गळ्याभोवती टॉवेल बांधलेली. आजीच्या मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात साबुदाण्याची खिचडी.

"तोंड उघड. हा शेवटला."

मी पोहोचेपर्यंत शेवटचा घास गेला होता.

"हे काय करताय!" माझा आवाज चढला. "उपास सांगितला होता ना!"

आजीने शांतपणे डब्याचं झाकण लावलं. "उपासाचंच हाय की, बाई. कालच भिजत घातला व्हता. मिठाला बी शेंदेलोण घातलंय. रातच्यापासनं पोरीला दुसरं काय बी दिलं न्हाई. हितं भवळ येऊन पडंल म्हनून चार घास चारले. तुमच्या तासाच्या उपासाला म्या रातभराचा केलाय."

मी घड्याळ पाहिलं. सात चोपन्न. नियमाप्रमाणे आठ चोपन्नच्या आधी त्या मुलीला कम्युनियन घेता येणार नव्हतं. आधीच्या फादरांच्या हिशोबाने कम्युनियन आठ पस्तीसला आलं असतं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला नियम माहीत होता, तिच्या वहीत तो होता, पण आजीने घास पुढे केला तेव्हा तिला नाही म्हणता आलं नसणार. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात शेंगदाण्याचं कूट होतं.

पूर्वीची मी असते तर काय केलं असतं, मला ठाऊक आहे. रांगेतून काढून बाजूला बसवलं असतं. पुढच्या रविवारी ये, नियम म्हणजे नियम. आणि आजीला सगळ्यांसमोर कळलं असतं की तिच्यामुळेच अडलं. दिलेला शब्द, तीन वर्षांचे जिने, पानामागून पान ते अंगठे, सगळं एका डब्यात गेलं असतं. आणि 'बाकी काहीच चालत नाही' हे वाक्य न बोलणारी मी होते.

मी रुमालाने मुलीचं तोंड पुसलं. "पाणी पी," म्हणाले. "आणि रांगेत शेवटी उभी राहा."

त्या दिवशी बायबलचं पहिलं वाचन माझं होतं. माझा क्रमांक आला तेव्हा मी बाकावरून उठले, गुडघा दुखत असल्यासारखी सावकाश चालले, चष्मा बदलला. मग असं वाचलं की प्रत्येक स्वल्पविरामावर कबुतर बसून उडून जावं. पुढच्या बाकावर कुणीतरी खोकलं. पडद्यावरचे शब्द माझ्या आधी संपले आणि पडदा चालवणाऱ्या पोराला ते मागे आणावे लागले. जागेवर परतले तेव्हा आठ बावीस.

नंतर प्रवचन. एरवी मी त्यातली मिनिटं मोजत असे आणि मनातल्या मनात फादरांना रागावत असे. त्या दिवशी मी पहिल्यांदाच देवाकडे मागितलं की हा माणूस लवकर न थांबो. ते थांबले नाहीत. त्यांनी एकेका मुलाला विचारलं की वहीतलं कोणतं पान आवडलं. आमच्या मुलीने सांगितलं, "पेत्राचं. माझी आजी म्हणाली ती त्याला परत घेणार नाही. मग दोन आठवड्यांनी म्हणाली, घेईन." चर्च हसलं. मला हे दुसरं पान माहीत नव्हतं. ते मी तपासलं नव्हतं.

मग ती नवी प्रथा, जिच्याविरुद्ध मी ऑगस्टपासून बोलत होते: प्रत्येक मुलाने शिकवणाऱ्याबरोबर वेदीपाशी यायचं, मेणबत्ती पेटवायची, नाव सांगायचं. चौदा मुलं. मधेच एक मेणबत्ती विझली आणि पुन्हा पेटवली. शेवटी ती मुलगी आणि तिची आजी. आजीने पायातल्या चपला बाकाखालीच काढून ठेवल्या होत्या. डोक्यावर पदर, आणि ज्योत वाऱ्याने हलू नये म्हणून मुलीच्या हाताभोवती धरलेला तिचा तळवा, निळसर अंगठ्याचा. त्यानंतर गिटारवरचं गाणं. गाण्याला पाच कडवी होती. पाचही म्हटली.

रांगेत शेवटी असलेल्या मुलीच्या जिभेवर फादरांनी कम्युनियन ठेवलं तेव्हा माझ्या घड्याळात आठ अठ्ठावन्न झाले होते.

मिस्सेनंतर अंगणात फोटो, केक, गोंधळ. मुलीची आई पाळी बदलून आली होती आणि रडत होती. फादर माझ्याजवळ आले.

"टीचर, आज वाचन सावकाश झालं."

"तुमचं प्रवचनही लांबलं, फादर."

"मुलं छान बोलत होती."

"हो. आणि गाण्याची पाचही कडवी?"

ते उत्तर देणार एवढ्यात आजी डबा घेऊन आली. खिचडी बरीच उरली होती. तिने झाकण उघडलं आणि फादरांपुढे धरलं. "घ्या. उपासाचं हाय, पन उपास नसला तरी खाता येतं."

साडेनऊला इंग्रजी मिस्सा होती. एकाच दिवशी दुसरी मिस्सा करणाऱ्या फादरांना त्या तासाची सूट असते, हे मला माहीत आहे, म्हणून मी काही बोलले नाही. त्यांनी चमचा घेतला, मोठा घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

"सकाळी टाकीपाशी हात धुवायला आलो होतो," ते म्हणाले, "तेव्हापासून या खिचडीचा वास नाकात बसलाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते डब्याकडे पाहत होते. आजी आम्हा दोघांकडे पाहत होती आणि तिला काय कळलं, काय नाही, याचा मला अजून थांग लागलेला नाही.

"इन्स्पेक्टरबाई, तुमी घेता का? का तुमचा तास ऱ्हायलाय?"

मी घड्याळ पाहिलं. मग चमचाभर घेतली. कूट जरा जास्त झालं होतं. ते मी तिला सांगितलं.